नावेच्या तळाला काय लावायचं

माझे यजमान या माघात गेले. घरात, खाटेवर, मुलं-नातवंडं जवळ असताना गेले. उभं आयुष्य वैनगंगेच्या पाण्यावर काढलेल्या माणसाला असं कोरड्या जागी मरण यावं, याचं गावाला नवल वाटलं. भेटायला येणारा प्रत्येकजण त्यांच्या एखाद्या पुराची गोष्ट सांगतो: कुणाला कसं ओढून काढलं, कोणत्या साली पाणी कुठवर चढलं होतं. मी ऐकते. माझ्या डोळ्यांपुढे येतो तो आमच्या लग्नानंतरचा पहिला उन्हाळा. नाव वाळूवर पालथी पडली होती आणि तिच्या तळाला काय लावायचं, यावरून बापलेक एकमेकांशी बोलेनासे झाले होते. रोज थोडं थोडं लिहायचं ठरवलं आहे. आता घाई कसलीच नाही.

ही गोष्ट स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दहा-बारा वर्षांतली. आजचे चंद्रपूर आणि गडचिरोली मिळून चांदा जिल्हा तेव्हा एकच होता. माझं माहेर मूलचं. वडील भाताच्या गिरणीत मापाडी होते. त्यांनी मला सातवीपर्यंत शिकवलं आणि लग्नात भांड्यांबरोबर पुस्तकांची एक लहान पेटी दिली. सासर नदीकाठचं, मासे मारणारं आणि कित्येक पिढ्या घाटावर नाव चालवणारं. गाव नदीच्या अलीकडे आणि चामोर्शीचा बाजार पलीकडे. उन्हाळ्यात लोक वाळूतून, गुडघाभर पाण्यातून चालत जात. एकदा पावसाळा लागला की दिवाळी उलटेपर्यंत नावेवाचून पार होता येत नसे. आमच्या आजोबांनी तलावात जाळी टाकली असतील, पण मी मूलच्या तलावाच्या पायरीखाली कधी उतरले नव्हते. मला पोहता येत नव्हतं. सासूबाईंना ते कळलं तेव्हा त्या तोंडाला पदर लावून हसल्या. "ढिवराची पोर अन् पोहता येत नाई? लोकायले सांगू नको बाई."

मी घरात आले त्याच्या आदल्या पावसाळ्यात आमची जुनी नाव बुडाली होती. भादव्यातला बाजाराचा दिवस, नाव माणसांनी भरलेली. भर धारेत तळाची एक फळी पायाखाली फुटली. फळी आतून पार कुजली होती. पुढे रेतीचा उंचवटा होता म्हणून माणसं वाचली. एक म्हातारी मात्र लांब वाहत गेली, तिला यांनी केस धरून बाहेर काढलं. तांदळाची पोती, बाजाराची गाठोडी, सगळं गेलं.

त्या नावेला दरवर्षी डांबर देत. रस्त्याच्या कामावरून डांबर मिळायचं, ते तापवायचं आणि आदल्या थरावर नवा थर चढवायचा. वरून तळ काळा, गुळगुळीत, नव्यासारखा दिसे. त्याखाली लाकूड कधी संपलं ते माझ्या सासऱ्यांनाही कळलं नाही, आणि ते तर फळीवर नुसता हात फिरवून तिचं वय सांगणारे. त्या दिवसानंतर गावाने आमचा घाट सोडला. कोसभर खाली दुसरा घाट होता. लोक डोक्यावर ओझी घेऊन, चिखल तुडवत तिकडून जाऊ लागले. आमच्या दारावरून जाताना कुणी शिव्या दिल्या नाहीत, पण हाकही मारली नाही. नवी नाव पाण्यात पडली आणि तिच्यातही लोक बसले नाहीत, तर नुसत्या मासळीवर आमचं घर चालणार नव्हतं. हे मला कुणी बसवून सांगितलं नाही. पण जेवताना, जाळी विणताना, पाणी भरताना घरात बोलणं तेवढं एकच होतं.

नावेला लेप देण्याची आमच्याकडे एक रीत होती. ज्याच्या हाताने तळाला लेप लागे, त्याच्या घरची बाई पावसाळ्यातल्या पहिल्या फेरीला नावेत बसे. मधल्या धारेत ती नदीची ओटी भरे, पलीकडचा काठ शिवून परत येई, आणि मग गाव बसे. ओटी सगळ्यांच्या तोंडी असे, पण काठावर जमणाऱ्यांना पाहायचं असे ते वेगळंच. लेप देणारा आपल्या माणसाला त्या नावेत बसवतो का, आणि बसणारीचा चेहरा कसा आहे. इतकी वर्षं लेप सासऱ्यांचा आणि बसणाऱ्या सासूबाई. त्या वर्षी सासरे म्हणाले, माझे हात आता कापतात, नवी नाव पोराची आहे, लेप पोराने द्यावा. म्हणजे बसायचं मला.

"तळ आताच पाहून ठेव," सासूबाई मला म्हणाल्या. "तुलेच बसा लागते त्याच्यावर."

नवी नाव सागाची होती. सुताराने ती फाल्गुनात पुरी केली आणि फळ्यांच्या सांध्यांत अंबाडीचं सूत ठासून दिलं. आता लेप कशाचा, हा प्रश्न. सासऱ्यांचं ठरलेलं होतं. डांबराचं नाव घरात काढायचं नाही. राळ कुटायची, जवसाच्या तेलात कढवायची आणि ती गरम असतानाच कुंच्याने द्यायची. हा त्यांच्या आज्याच्या वेळचा लेप. मधासारखा पिवळा, वाळला की काचेसारखा टणक, आणि त्याच्यातून लाकडाची रेघ न् रेघ दिसते. पण तो एका पावसाळ्याचा. त्याच्यावर शेवाळ धरतं, गोगलगायी चिकटतात, नाव जड होत जाते, आणि दर उन्हाळ्यात ती वर ओढून, खरवडून, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

यांचं म्हणणं निराळं होतं. लग्नाआधी हे काही हंगाम आलापल्लीकडे एका ठेकेदाराच्या लाकडाच्या डेपोवर कामाला होते. तिथे रेल्वेच्या रुळांखाली घालायचे ओंडके काळ्या तेलात मुरवत. ते तेल लाकडाच्या पोटात शिरतं, मग वर्षानुवर्षं त्याला वाळवी लागत नाही, कूज धरत नाही, शेवाळदेखील टिकत नाही, हे यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. येताना त्या तेलाचा एक डबा हे घेऊन आले होते. तो गोठ्याच्या कोपऱ्यात, कडब्यामागे ठेवलेला असे.

"एकदा देल्लं का मंग धा वर्सं पाहाचं काम नाई," हे म्हणायचे.

"पाहाचं काम नव्हतं म्हनूनच तं बुडालो," सासरे म्हणायचे.

"ते डांबर होतं, बाबा. ते वरच्यावर बसते. हे आतमंदी जाते."

"आतमंदी जाते, तं आतलं मले दिसन का?"

एक-दोनदा असं झालं आणि मग दोघांनी बोलणंच टाकलं. निरोप सासूबाईंच्या नाहीतर माझ्या मार्फत जाऊ लागले. मला दोघांचंही पटत असे. टिकणारी गोष्ट कुणाला नको असते? आणि ज्याच्या खालचं दिसत नाही, त्याच्यावर दुसऱ्यांदा पाय ठेवायला सासरे का भितात, तेही कळत होतं. मी नवी सून. पुस्तकांच्या पेटीवर बसून तांदूळ निवडायची आणि गप्प राहायची.

चैत्रात सासरे गडचिरोलीकडे एका नात्यातल्या लग्नाला गेले. ते परतले आणि दुसऱ्याच दिवशी अंगणात मोठी कढई चढली. राळ कढवायची म्हणजे जोखमीचं काम. तेल जरा जास्त तापलं की पेट घेतं. सासूबाई चुलीशी, सासरे पळीशी. कढई तशीच उचलून नदीवर नेली, आणि यांनी सबंध तळाला लेप दिला, न बोलता, एकही जागा न सोडता. नाव उन्हात अशी चमकत होती की मला वाटलं, भांडण संपलं. बापाचं ऐकलं यांनी.

लेप वाळला नाही.

पहिल्या दिवशी कुणाला काही वाटलं नाही. मग सासरे रोज सकाळी वाळूत उतरून तळावर अंगठा टेकवायचे आणि अंगठ्याचा ठसा पाहत उभे राहायचे. वैशाखाचं ऊन, आंब्याच्या फोडी दुपारपर्यंत खडखडीत वाळत, आणि ती राळ मात्र ओलीच. वाऱ्याने उडालेली रेती तिला चिकटली, पळसाची पानं चिकटली, मुंग्या चिकटून मेल्या. सासरे आधी सासूबाईंवर उखडले की जाळ कमी घातला. मग त्यांच्या मनाने घेतलं की तेलच खोटं आहे, जवसात दुसरं काही मिसळलं आहे. ते वाळू तुडवत चामोर्शीच्या बाजारात गेले आणि भर बाजारात तेल्याला नको नको ते बोलून आले. तेल्याने घाण्याच्या बैलाची शपथ घेतली. ज्याच्या नावेने गाव बुडवलं त्याने माझ्या तेलाला नावं ठेवू नयेत, असंही तो म्हणाला. हे सासऱ्यांनी स्वतःच घरी येऊन सांगितलं, पाण्याचा तांब्या हातात धरून, न पिता.

"माह्या चुलीचा दोस झाला, तेल्याचा झाला," सासूबाई म्हणाल्या. "आता सूर्याचा काढा."

यांनी ताटातला घास तसाच ठेवला आणि उठून गेले.

ते उठून गेले तेव्हा मला पहिल्यांदा शंका आली. दुसऱ्या दिवशी मी पाण्याची घागर घेऊन मुद्दाम नावेजवळून गेले. राळेचा वास देवळातल्या धुपासारखा असतो. त्या वासाखाली दुसरा एक वास होता, जळक्या लाकडाचा, नाकात चढणारा. तो मला ओळखीचा होता. गोठ्यात कडबा काढायला वाकलं की तोच येत असे. मी गोठ्यात जाऊन डबा हलवला. तो रिकामा होता.

हे नदीच्या डोहाशी जाळं धूत बसले होते. दुपारची वेळ, आसपास कुणी नाही. मी घागर खाली ठेवली.

"पहिल्या फेरीत मी बसणार आहो," मी म्हटलं. "राळेखाली काय लावलं ते मले सांगा."

त्यांनी जाळ्यातला गाळ काढायचं थांबवलं नाही. मग सांगितलं. बाबा लग्नाला गेले त्या दिवसांत दोनदा काळं तेल दिलं होतं, सगळ्या तळाला. लाकूड पार प्यालं, वरून कोरडं दिसू लागलं, आणि रंग गडद झाला तो उन्हाने, असं बाबांनी धरलं. त्यांचा हिशेब असा की लाकडाच्या पोटात आपलं तेल राहील, वर बाबांची राळ राहील, दोघांचंही होईल आणि भांडण मिटेल. राळ त्या तेलावर विरघळत राहील, हे त्यांच्या स्वप्नातही नव्हतं.

"बाबाले कळलं नसतं का?"

"वाळली असती तं नसतं कळलं," ते म्हणाले आणि किंचित हसले. ते हसू तिथेच विझलं. "आता कोन्या तोंडानं सांगू? ते तेल्यासंगं भांडून आले."

मला राग आला होता, आणि त्याच्याखाली भीतीही होती. त्यांनी रोज सासऱ्यांचा अंगठा पाहिला होता आणि तोंड उघडलं नव्हतं. त्या तळावर मला बसायचं होतं, आणि पाण्यात पडले तर मी दगडासारखी जाणार होते. पण मी ओरडले नाही. मला ओरडता येत नाही.

"तुमी नाई सांगितलं तरी मी बसन," मी म्हटलं. "पण ओटी भरताना माहा हात कापन. अन् गाव तेच पाहाले येते."

त्यांनी त्याच दिवशी सांगितलं, ऊन उतरल्यावर, अंगणात. मी सुपात तांदूळ घेऊन ओसरीवर होते. मान वर केली नाही, तरी सगळं दिसत होतं. सासऱ्यांनी ऐकून घेतलं. त्यांना मारायला हात उचलण्याची सवय होती, आणि यांनी खांदे आवळून घेतलेले मी पाहिले. पण हात उठला नाही. किती डाव दिलं, एवढंच त्यांनी विचारलं. हे म्हणाले, दोनदा. मग सासरे खाटेवर आडवे झाले, भिंतीकडे तोंड करून.

सकाळी त्यांनी यांना चामोर्शीला पाठवलं, तेल्याची माफी मागायला. भर बाजारात बोललो तर भर बाजारातच मागायची, असं सांगून. तेल्याने माफी घेतली म्हणतात, पण सगळ्या बाजाराला गोष्ट कळली, आणि बाजारातून ती आमच्या गावात यांच्या आधी पोहोचली. आता लोकांकडे बुडालेली नावही होती आणि न वाळणारी नावही होती. पाणवठ्यावर बाया मला विचारू लागल्या, काऊन बाई, नाव वाळली का? एकीने तर सांगितलं, पापडासंगं आमच्या छतावर टाका.

हे परतले तेव्हा सासऱ्यांच्या हातात विळ्याची जुनी पाती होती. एक त्यांनी यांच्यापुढे टाकली. "खरवड," ते म्हणाले.

आम्ही चौघांनी खरवडलं. राळ पात्याला चिकटे, मग पातं राखेत घासायचं, पुन्हा खरवडायचं. उन्हाने वाळू अशी तापे की सासूबाई ओलं पोतं टाकून त्याच्यावर उभ्या राहत. सगळी राळ निघाली तेव्हा खालचं लाकूड सागाच्या रंगाचं राहिलं नव्हतं. कातासारखं काळपट झालं होतं. तेल आत गेलेलं, ते काही बाहेर येणार नव्हतं.

मृग जवळ आला होता. दुपारी आभाळ भरून येई आणि तसंच निघून जाई. सासऱ्यांनी तळाच्या एका कडेला हाताच्या पंजाएवढे तुकडे आखले. एकावर राळ, पुन्हा ताजी कढवून. एकावर बिब्याचं तेल, ते देताना त्यांच्या मनगटावर फोड उठले. एकावर चुना आणि तेल खलून. आणि शेवटच्या तुकड्यावर त्यांनी रस्त्याच्या कामावरून ओंजळभर मागून आणलेलं डांबर तापवून लावलं. यांनी बापाकडे पाहिलं. सासऱ्यांनी पाहिलं नाही.

मग वाट पाहणं आलं. मी रोज त्यांच्या मागोमाग नदीवर जाई. राळ तशीच चिकट. बिब्याचं तेल पसरून बाजूच्या तुकड्यात गेलं. चुना भेगाळून पापुद्र्यासारखा निघाला. डांबर पहिल्याच दिवशी बसलं होतं. सासऱ्यांनी त्याच्यावर नख रोवून पाहिलं, खिळ्याचं टोक लावून पाहिलं, पाण्यात भिजवलेला चिंधा बांधून ठेवला आणि सोडून पाहिलं. ते हललं नाही. काळ्या तेलावर तेवढं एकच धरत होतं.

सासरे नावेकडे पाठ करून वाळूत बसले. ज्या गोष्टीने त्यांचं नाव घालवलं, तीच पुन्हा हाताने लावायची पाळी आली होती. पुढच्या वर्षी बघू म्हणायचं तर घाट कायमचा गेला असता. खालच्या घाटावरचे लोक आमचा घाट कधी बंद पडतो, याचीच वाट पाहत होते.

"डांबर आन," ते म्हणाले.

हे जागचे हलले नाहीत. बहुतेक त्यांना खरं वाटलं नसावं.

"आन म्हनलं ना. भायेरून डांबर देऊ. पन आतून काईच लावाचं नाई. राळ नाई, तेल नाई, काई नाई. पानी येवो का कूज येवो, आतून डोयाले दिसलं पायजे. अन् दर सालच्या उन्हाळ्यात भायेरचं सगळं खरवडून लाकूड दिसेस्तोवर आनाचं. थरावर थर चढवला तं हात तोडीन."

म्हणजे यांचं दहा वर्षं न पाहणं गेलं, आणि सासऱ्यांचा पिवळा लेपही गेला. दोघांच्या वाट्याला नको होतं तेच आलं. हे उठले आणि डांबर आणायला गेले. लेप यांनीच दिला. मग नाव डोहात उतरवून, दगड घालून बुडवून ठेवली, लाकूड फुगून सांधे आवळावेत म्हणून. तिथे जाऊन मी एकदा पाहिलं. पाण्याखाली ती मोठ्या काळ्या म्हशीसारखी बसलेली होती.

आषाढात पाणी चढलं. बाजाराच्या दिवशी सकाळी आमच्या घाटावर गाव जमलं. बसायला नव्हे, पाहायला. खालच्या घाटाकडे निघालेले लोकही ओझी खाली ठेवून थांबले. नाव काठाला लागलेली, तिच्या तळाचा काळा लेप पाण्याच्या वर वीतभर दिसत होता. तो दिसताच लोकांत कुजबुज झाली. मी ओटीचं ताट घेऊन उभी होते.

एक म्हातारी पुढे झाली. आदल्या वर्षी वाहून गेलेली तीच. तिच्या हातात चार-पाच बकऱ्यांच्या दोऱ्या होत्या, बाजारात विकायला निघाली होती. नावेकडे हनुवटीने दाखवत तिने विचारलं, "लेप कोनाचा?"

"माहा," सासरे म्हणाले.

मला काही कळेना. सासूबाईंना मात्र लगेच कळलं. त्यांनी माझ्या हातातलं ताट घेतलं, लुगडं वर खोचलं आणि पाण्यात पाय घातला. दोघांचं घरात ठरलं होतं की तिथल्या तिथे, ते मला पुढेही कधी कळलं नाही. पोहता न येणाऱ्या सुनेला काठावर ठेवायचं आणि गावाने नावं ठेवलीच तर ती आम्हां म्हाताऱ्यांना ठेवावीत, असा तो बेत असावा.

"लेप माहा हाये," हे म्हणाले. आवाज मोठा नव्हता, पण सगळ्यांना ऐकू गेला. मग त्यांनी सांगितलं. काळं तेल बापाच्या माघारी लावलं, त्याच्यावर राळ बसली नाही, तेल्याचा काही दोष नव्हता, सगळं खरवडलं, आणि आता बाहेरून डांबर आहे. आतून लाकूड उघडं आहे, ज्याला पाहायचं त्याने येऊन पाहावं. बोलताना ते लोकांकडे पाहत नव्हते, नावेकडे पाहत होते.

कुणी पाहायला आलं नाही. मी सासूबाईंच्या हातून ताट परत घेतलं. त्या सोडायला तयार नव्हत्या, दोघींच्या हातात ते क्षणभर तिरपं झालं आणि थोडे तांदूळ पाण्यात गेले. मग त्यांनी सोडलं. मी बसले.

सासरे मागे, हे पुढे, दोघांच्या हातांत बांबू. पाणी गढूळ, ओढीचं. काठ जसा दूर गेला तशी मी नजर आत, तळाकडे लावली. उघडं लाकूड, त्याच्यावर सुताराच्या वाकसाचे घाव. माझ्या डाव्या पायाजवळच्या सांध्यातून पाण्याची एक रेघ आत आली. सुताएवढी. मग ती बोटाएवढी रुंद झाली आणि माझ्या तळपायाला गार लागली. बोलावं की नाही? सासऱ्यांनीही ती पाहिली होती. त्यांचा बांबू चालू होता, पण डोळे रेघेवर होते. ते म्हणाले नाहीत की घाबरू नको. म्हणाले असते तर मी घाबरले असते. यांची पाठ माझ्याकडे होती, आणि त्या पाठीवरून कळत होतं की त्यांनाही माहीत आहे आणि ते मुद्दाम वळून पाहत नाहीत.

मधली धार आली. मी ओटी भरली. खण, नारळ, तांदूळ पाण्यात सोडताना माझे हात कापले का, ते मला आठवत नाही. मागे वळून मी रेघेकडे पाहिलं, तेव्हा पाणी तेवढंच होतं. पलीकडचा काठ शिवला, तेव्हाही तेवढंच. परत येताना सांध्याची कड वाळायला लागली होती. लाकूड फुगून आपलं तोंड आपणच मिटत होतं. सासऱ्यांनी तेव्हा पहिल्यांदा नजर वर उचलली.

नाव आमच्या काठाला लागली. पुढे यायचं कुणी, हे ठरत नव्हतं. मग ती म्हातारी बकऱ्या घेऊन पाण्याशी आली आणि एकेक बकरी नावेत चढवू लागली. चढवून झाल्यावर दोऱ्या यांच्या हातात दिल्या आणि स्वतः काठावरच उभी राहिली.

"तू नाई बसत का, मावशी?" यांनी विचारलं.

"आंधी थे जाऊ दे. त्यायले पोहता येते, मले नाई येत."

लोक हसले. बऱ्याच महिन्यांनी आमच्या घाटावर कुणी हसत होतं. बकऱ्या ओरडत पलीकडे गेल्या, यांनी त्या खुंट्याला बांधल्या आणि नाव परत आणली. म्हातारीने वाकून नावेचा तळ आतून पाहिला, हाताने चाचपला, ओला हात लुगड्याला पुसला आणि बसली. तिच्यामागे एकजण बसला, मग दोघं. मग ओझी चढायला लागली. सासरे ओरडून सांगत होते, एका बाजूला गर्दी करू नका, मधात बसा, मधात. मी खाली उतरून बाजूला झाले होते. नाव भरली आणि तिच्यात मला जागा उरली नाही. यांनी बांबू रोवला, नाव सुटली, आणि मी काठावरून ती पलीकडे जाताना पाहत उभी राहिले.